केसरच्या पतंगाची कन्नी

केसर, तुझा तेरावा झाला. पाहुणे आपापल्या गावी गेले, उसनी आणलेली भांडी ज्याची त्याला पोचली, आणि तुझं नाव घेऊन गळा काढणाऱ्या बायकाही आता येत नाहीत. मी तेवढी आहे. माझं रडणं निराळं आहे. मला रडतानासुद्धा तुझा राग येतो.

सवाष्ण गेलीस. हिरवं लुगडं, कपाळभर मळवट, भरली ओटी. पेडगावच्या बायका एकीमागं एक तुझ्या पाया पडल्या आणि तुझ्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन आपापल्या कपाळाला लावून गेल्या. मी तुझी थोरली जाऊ, तुझ्याहून आठ वर्षांनी मोठी, आणि मला तुझ्यापुढं वाकावं लागलं. वाकले तेव्हा मनात काय आलं, सांगू? हीच मेली इथंबी पुढं गेली, असं आलं. देवानं मला तोंड दिलं तसं मनही तिखटच दिलं आहे, ते तुला माहीत आहे.

दहाव्याला कावळा लगेच शिवला म्हणे. आमचे हे नदीवरून आले आणि ओसरीत टेकत म्हणले, "पिंड ठेवला न ठेवला तोच कावळा आला. केसरचं काईच राहिलं नव्हतं." सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुझं राहिलं नव्हतं, खरं आहे. तू तुझं सगळं बोलून मोकळी झालीस. माझं राहिलं त्याचं काय? दहा वर्षं पोटात ठेवलेली एक गोष्ट तुला सांगायची होती, आणि सांगायची वेळ आली तेव्हा मी तुला पेज पाजत बसले. ती आता सांगते. ऐकायची तर ऐक.

पोलिस ॲक्शन झाली, रझाकारांच्या भीतीनं पळालेली माणसं गावात परतली, तुळशीचं लग्न लागलं आणि पाठोपाठ तुझं. तू सोनपेठची. माप ओलांडून आत आलीस आणि आठ दिवसांत घर तुझं झालं. आपली सासू, आत्याबाई, मला लग्नापासून नुसतं "थोरले" म्हणून हाक मारायची. तुला तिसऱ्या दिवशी "केसर" म्हणाली, आणि तेही लाडानं. माझी कुसुम तेव्हा सहा वर्षांची होती. माझ्या ताटाशिवाय न जेवणारी पोर तुझ्या ताटात जेवायला बसली. वर मला तोंडावर म्हणाली, "काकूच्या भाकरीला पापुद्रा येतो. तुझ्या येत न्हाई." भाकरी मी नऊ वर्षं थापत होते. तोवर कुणाला पापुद्र्याची याद आली नव्हती.

मग ते पतंगाचं निघालं. जात्यावर बसली होतीस, कुसुम तुझ्या पाठीला लोंबत होती. तू म्हणलीस, "आमच्या सोनपेठला संक्रातीला पतंग उडवितेत. मी तुला करून देते की." पतंग मिळायचा तो परभणीला, आणि पतंगासाठी परभणीला कोण जातं. आपल्या पेडगावात तेव्हा पोरं एरंडाची पानं दोऱ्याला बांधून पळायची, तेवढीच हौस. कुसुम दिवसभर साऱ्या आळीत सांगत फिरली, माझी काकू पतंग करायलीय. संध्याकाळी आडावर बायका मलाच विचारायला लागल्या.

तू काय काय जमवलंस ते मला अजून पाठ आहे. धान्याच्या बळदाजवळ एक फाटकं सूप टांगलेलं होतं. ते माझ्या माहेरचं. कुसुमच्या पाचवीला तिला त्याच सुपात निजवलं होतं, म्हणून उंदरांनी कड खाल्ली तरी मी टाकलं नव्हतं. तू आत्याबाईंना विचारलंस. त्या म्हणल्या, "घे की, फाटकंच हाय." मला कुणी विचारलं नाही. तू ते भिजत घातलंस, शेण धुऊन काढलंस आणि त्याच्या दोन कामट्या ओढल्यास. एक सरळ ठेवलीस. दुसरी चुलीच्या धगीवर शेकून शेकून वाकवलीस. वाकवायच्या आधी ती बोटावर आडवी तोलायचीस, जी बाजू खाली जाईल ती विळीनं खरवडायचीस, परत तोलायचीस. कुसुम म्हणली, "काकू, किती येळ?" तू म्हणलीस, "एक बाजू जड राहिली की पतंग लंगडतो बाई." मी चुलीपाशी बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बाता हायत नुसत्या.

कागदाचं तर विचारूच नको. आमच्या ह्यांची शिकताना भरलेल्या उर्दूच्या वह्यांची चळत माझ्या पेटीत होती. निजामाच्या राज्यात चार बुकं शिकलेला नवरा मला मिळाला, ह्याचा मला कोण तोरा. दर उन्हाळ्यात त्या वह्या मी ऊन दाखवून, लिंबाचा पाला घालून परत ठेवायची. कुसुमला कधी हात लावू दिला नाही. तू पदर सावरून दारात उभी राहिलीस आणि कुसुमकरवी विचारलंस, आणि हे हसून म्हणले, "घे म्हणाव. आता मराठी शाळा सुरू झाल्या, ह्या कुणाला वाचायच्यात." माझ्याशी हे तसे हसत नाहीत. तू चार पानं जोडलीस, जोंधळ्याच्या पिठाची खळ शिजवून चिकटवलीस, कडेनं दोरा घालून कागद दुमडलास. तो दोरा माझ्या वाकळीचा होता, कुसुमनं माझ्या डब्यातून तुला काढून दिलेला. शेपटीला माझ्या जुन्या लुगड्याचा काठ.

आता तूच सांग केसर. सूप माझं, वह्या माझ्या नवऱ्याच्या, दोरा माझा, शेपूट माझ्या लुगड्याचं, पोर माझी. आणि सगळ्या घरात नाव काय, तर केसरचा पतंग.

शेवटी तू कन्नी बांधलीस. पतंगाच्या पोटावर वर एका जागी आणि खाली एका जागी दोरा बांधायचा, आणि त्या दोऱ्यावर मधे गाठ मारून तिथून हातातला दोर लावायचा. गाठ कुठं बसली त्यावर पतंगाचं सगळं नशीब, हे मी तुझ्याच तोंडून ऐकलं होतं. तू दोऱ्याच्या मधोमध गाठ मारलीस, पतंग ओसरीतल्या खुंटीला अडकवलास आणि कुसुमला म्हणलीस, "उद्या."

तो भोगीचा दिवस होता. दुपारी सगळे शेतात जेवायला गेले. मी म्हणलं, भाकरी घेऊन मागून येते. घर रिकामं झालं. मी भाकरीची पाटी उचलली, ओसरीत आले, पाटी खाली ठेवली. ही ती गोष्ट, केसर. मी तुझी गाठ सोडली आणि चार बोटं वर सरकवून परत मारली. मला वाटलं, आता हा वर चढायचा नाही, नाकावर आपटेल. साऱ्या घरापुढं, आळीतल्या पोरांपुढं तुझा पतंग तोंडावर पडावा आणि कुसुमनं माझ्याकडं बघावं, एवढंच मला पाहिजे होतं. गाठ मी वाकळीची मारली, दुहेरी पिळाची, कारण दुसरी गाठ माझ्या हाताला येतच नाही. चोरी करावी आणि आपलीच निशाणी ठेवून यावं, अशी मी शहाणी.

संक्रांतीला खळ्यावर वारं लय सुटलं होतं. तू पतंग हातात घेतलास, दोर बांधायला गाठ चाचपलीस आणि थांबलीस. बोटानं तो पीळ बघितलास. मग मान वर करून माझ्याकडं बघितलंस. मी म्हणलं, आता ही सगळ्यांत सांगणार. तू मात्र कुसुमला पतंग धरून लांब जायला सांगितलंस, आणि दोर ओढलास.

तो वर गेला. गिरकी नाही, लंगडणं नाही, ह्यांच्या वळणदार अक्षरांसकट सरळ वर गेला. आत्याबाई कपाळावर हात धरून बघत राहिल्या. हे म्हणले, "वा केसर, माझ्या वह्या कामाला आल्या." आणि तू काय म्हणलीस? "कन्नी आक्कानं बांधलीय." सगळे हसले. नवी नवरी थोरल्या जावेचा मान ठेवायलीय, असं सगळ्यांना वाटलं. आत्याबाई म्हणल्या, "बघा, किती गुणाची हाय." आता बघ. वाईट करायला गेले, ते चांगलं झालं, आणि त्या चांगल्याचं श्रेयही तुझ्याच पदरात पडलं. कुसुम तर दोर धरून तुझ्या मांडीला टेकून उभी होती.

मला वाटलं, एवढ्यावर मिटलं. पण दुसऱ्या साली भोगीच्या आदल्या दिवशी तू नवा पतंग घेऊन माझ्यापुढं बसलीस. "आक्का, कन्नी." मी तुझ्या तोंडाकडं निरखून बघितलं. हसू नव्हतं. पण मला वाटलं, ही आतून हसायलीय. मला सारं ठावं हाय, हे मला दरसाल सांगायला येती. मी दात खाऊन गाठ मारली. मधापासून चार बोटं वर, तीच जागा, कारण दुसरी जागा मला ठाऊक नव्हती. तिसऱ्या साली परत. चौथ्या साली तू सोनपेठला होतीस. पाचव्या साली मी भडकले, आठवतं का? म्हणलं, "तुझा पतंग, तूच बांध की. दरसाल मला कामून सतवायलीस?" तू गडबडलीस. "तुमच्या हाताचीच गाठ धरती, आक्का." मी म्हणलं, "मला बोलून दाखवायचं असंल तर सरळ बोल." तू म्हणलीस, "काय बोलून दाखवायचंय?" तेवढ्यात गाय सुटली म्हणून कुणी ओरडलं, आणि आपलं भांडण तिथंच राहिलं. गाठ मी रात्री जेवणं झाल्यावर मारून दिली. तू पतंग खुंटीला लावलास. त्या भांडणाचं पुढं काही झालं नाही. मी मात्र ते रोज थोडं थोडं मनात भांडत राहिले.

एक साल मी चोरून माझा माझा पतंग केला होता, हेही ऐकून घे. तू बाळंतपणाला सोनपेठला गेली होतीस, विमलच्या वेळी. मी म्हणलं, त्यात काय एवढं. टोपलीच्या कामट्या काढल्या, कागद चिकटवला, कन्नी बांधली. गोठ्यामागं जाऊन उडवला. सारखा डावीकडं पडायचा. तोलून, खरवडून, परत तोलून बघायचा धीर माझ्यात नव्हता. दहादा पडल्यावर मी तो चुलीत घातला. त्या संक्रांतीला कुसुम म्हणली, "काकू नसली की सणच वाटत न्हाई." मी तिला म्हणलं, गप तिळगूळ खा.

तुझ्या हाताला यश होतं, आणि मी ते दहा वर्षं बघत जळले. कुसुमच्या लग्नात तिनं पाठवणीला पहिली मिठी मला मारली, पण हुंदका तुझ्या गळ्यात फुटला. आत्याबाई गेल्या तेव्हा शेवटचं पाणी तुझ्या हातचं प्याल्या. मी तांब्या धरून बाजूला उभी होते. आणि तरी, केसर, दुपारी जेवणं उरकल्यावर तू माझ्या डोक्याला तेल लावायला बसायचीस, तेव्हा दिवसातली ती घटका मला सोडवत नव्हती. हे मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू आणखी चांगली ठरली असतीस.

मग हा मुदतीचा ताप. तू पडलीस त्याच्या आदल्या दिवशी यंदाचा पतंग चिकटवून झाला होता. ह्यांच्या वहीची शेवटची पानं. परभणीचा डॉक्टर दोनदा येऊन गेला. अंगावर गार पाण्याच्या पट्ट्या मी ठेवल्या, केस मी विंचरले, पेज मी पाजली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. भावजी म्हणले, "वयनी, तुमी जरा निजा." मी हलले नाही. खरं सांगू, त्यातही मला एक सुख होतं. पहिल्यांदा तू अंथरुणात होतीस आणि सगळं माझ्या हातात होतं.

अठराव्या दिवशी ताप जरा उतरला. सकाळची वेळ होती. तू डोळे उघडलेस आणि म्हणलीस, "आक्का, संक्रात कवा हाय?"

"हाय अजून. पड निवांत."

"पतंगाला कन्नी बांधायची राहिली."

"बांधते. पेज घे."

तू माझं मनगट धरलंस. हात एवढा हलका झाला होता. म्हणलीस, "एक सांगते, हासू नका. मला कन्नी बांधता येत न्हाई. कवाच आली न्हाई. सोनपेठला माझा भाऊ बांधायचा. मी नुसता पतंग करायची."

मी वाटी खाली ठेवली.

"पयल्या साली कुसुमला बोलून बसले आणि मग लय भ्याले," तू म्हणलीस. "उगं अंदाजानं बांधली. रातभर डोळा लागला न्हाई. साऱ्या घरापुढं फजिती झाली असती. सकाळी बघते तर गाठ तुमची. तुमी गुपचूप वर घेतली, कुणाला कळू दिलं न्हाई, नव्या पोरीची लाज राखली. मी सांगितलं तर कुणाला पटलं न्हाई. म्हणून दरसाल तुमच्याकडंच आणायची. आई गेल्यावर मला तुमीच हायत, असं मला त्या दिशी वाटलं."

केसर, त्या वेळी तोंड उघडायला पाहिजे होतं. उघडलंही होतं. म्हणायचं होतं, अगं येडे, मी तुझं वाटोळं करायला गेले होते. तू ज्याला उपकार म्हणतीस तो डाव होता, तो फसला, आणि तू दहा वर्षं त्याला पुजत बसलीस. सगळं जिभेवर आलं होतं. आणि मी म्हणलं, "पेज घे. गार व्हायलीय."

तू चार घोट घेतलेस. तिसऱ्या दिवशी गेलीस.

आता मला सांग, मी कुठं तोंड लपवू? दहा वर्षं मी तुझ्यावर जळले, तुझ्या प्रत्येक चांगुलपणात खोट शोधली, आणि तू मात्र माझ्यातला एक चांगुलपणा धरून बसलीस, जो नव्हताच. हाही हेवा आता माझ्या मागं लागला आहे. तुला जी आक्का मिळाली होती तशी मला कुणी मिळाली नाही. ती आक्का मी असते तर, असं वाटून मी तुझ्यावरच नाही, तिच्यावरही जळते. कावळा तुझ्या पिंडाला लगेच शिवला, कारण तुझं मन स्वच्छ होतं. ते स्वच्छ राहिलं, कारण मी गप्प बसले. ह्याला पुण्य म्हणू का पाप, ते मला ठरवता येत नाही, आणि विचारावं अशी एकच बाई होती.

काल दुपारी विमलनं खुंटीवरून तो पतंग काढला. तुझी पोर सात वर्षांची झाली, पण बसते तुझ्यासारखी, गुडघ्यावर हनुवटी ठेवून. पतंग माझ्यापुढं ठेवला आणि म्हणली, "मोठ्याई, कन्नी बांध."

मी म्हणलं, "यंदा आपल्या घरी सण न्हाई, बाळा."

"सण न्हाई. पतंग हाय की."

मी डब्यातून वाकळीचा दोरा काढला, वर बांधला, खाली बांधला. ती बघत होती. मग विचारलं, "मोठ्याई, हे तुला कुणी शिकिवलं?"

कुणी तरी विचारायचीच वाट बघत होते जणू. मी म्हणलं, "कुणी न्हाई. तुझ्या आईचा पतंग पडावा म्हणून मी गाठ वर सरकवली होती. मी तिच्यावर जळत होते. पण तो पडलाच न्हाई, उडाला."

विमलनं विचारलं, "आईला ठावं होतं?"

"न्हाई. तिला वाटलं, मी तिच्यासाठी केलं."

"मग तू सांगितलं न्हाई?"

"न्हाई सांगितलं."

विमलनं हनुवटी उचलली. तिच्या तोंडावर तुझंच हसू आलं, डाव्या गालाकडं झुकणारं. "आई लय हासली असती," ती म्हणली, आणि मला गाठ मारता यावी म्हणून पतंगाचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरून बसली.

मी दोरा चिमटीत घेतला. ती जागा माझ्या हाताला पाठ आहे. काल मात्र डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं, म्हणून विमललाच म्हणलं, मधापासून वर चार बोटं मोज.